उपाशीपोटीची गोळी आणि लाल टोपणाची सिरिंज
वाचकांचे प्रश्न : ग्रंथी आणि संप्रेरके

प्रश्न : वय ४६. सहा वर्षे थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक) कायम दोन-तीनच्या आसपास असायचे, या वेळी ९.८ आले. डॉक्टरांनी गोळी १०० ची केली. मी एकही दिवस चुकवत नाही. सकाळी सहाला गोळी, मग चहा-बिस्किटे. हिमोग्लोबिन कमी आहे आणि हाडांसाठीही सांगितले, म्हणून चार महिन्यांपासून आठच्या नाश्त्याबरोबर लोह आणि कॅल्शियम घेते. माझा आजार वाढला आहे का? (कोल्हापूर)

आजार वाढला नसावा. गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरती पोहोचत नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

तुमच्या गोळीतले औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडचे थायरॉक्सिन हे संप्रेरक गोळीच्या रूपात). ते लहान आतड्यात शोषले जाते. पोट रिकामे असेल तर गोळीतले ७० ते ८० टक्के औषध रक्तात जाते. लोह आणि कॅल्शियम मात्र आतड्यातच त्याला धरून ठेवतात आणि ते मलावाटे निघून जाते. त्यासाठी किमान चार तासांचे अंतर लागते, तुमच्या दिनक्रमात ते दोनच तास आहे. शिवाय तुम्ही चहाची वेळ लिहिलेली नाही. ‘मग चहा’ म्हणजे बहुतेक घरांत तोंड धुऊन गोळी आणि गॅसवर आधण, दहा मिनिटांत कप हातात. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, पाण्याखेरीज काही घेऊ नका. कॉफी आणि सोयाबीनही शोषण कमी करतात. आम्लपित्तावर रोज सकाळी घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांनीही हेच होते, कारण ही गोळी विरघळायला पोटात आम्ल लागते.

लोह दुपारच्या जेवणाच्या सुमारास आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या. ही दोन्हीही एकमेकांच्या आड येतात, म्हणून ती वेगळी ठेवलेलीच बरी. सकाळी डब्यांच्या घाईत गोळीचे गणित जमत नसेल तर ती रात्री झोपताना घेता येते. अट एकच, जेवण होऊन तीन तास झालेले असावेत. त्या परिस्थितीत कॅल्शियम दुपारी आणि लोह सकाळी न्या.

१०० ची गोळी आणि नव्या वेळा दोन्ही एकदम सुरू केल्यात तर डोस जास्त होईल. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणे ही त्याची लक्षणे. म्हणून आधी डॉक्टरांना या वेळा सांगा आणि ‘७५ वरच राहून वेळ बदलून पाहू का?’ असे विचारा. पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करा, त्याआधी नको. थायरॉक्सिनचे रक्तातले अर्धे आयुष्य (म्हणजे ते निम्मे व्हायला लागणारा काळ) सुमारे सात दिवसांचे असते, त्यामुळे नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत रक्त दिले की रिपोर्टात जुन्या आणि नव्या डोसची खिचडी येते आणि त्यावरून डोस पुन्हा बदलला जातो. टीएसएच सतत वरखाली होत असेल तर पुष्कळदा त्यामागे ही घाई असते.

९.८ या आकड्याचीही धास्ती घेऊ नका. टीएसएच गळ्यातल्या थायरॉइडमधून येत नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियूषिका ग्रंथीतून येते. थायरॉक्सिन जरा कमी पडले की पियूषिका मोठ्याने ओरडते. थायरॉक्सिन निम्मे झाले तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, जवळजवळ शंभरपटीपर्यंत चढते. म्हणून दोनावरून दहावर गेलेला आकडा पाहायला भीतिदायक वाटला तरी प्रत्यक्षातली तूट थोडीच असते.

आणखी काही गोष्टी. रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. दरवेळी साधारण त्याच वेळी रक्त द्या, कारण टीएसएच पहाटे सर्वांत जास्त आणि दुपारी सर्वांत कमी असते. एखाद्या दिवशी गोळी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालते (हृदयविकार असेल तर मात्र विचारून). कंपनी वारंवार बदलू नका. आणि शंभर-सव्वाशे गोळ्यांची बाटली पावसाळ्यात उघडी राहू देऊ नका, ओट्यावर किंवा न्हाणीघरातल्या कपाटात ठेवू नका. ओल, उजेड आणि उष्णता यांनी या गोळीचा जोर कमी होतो.

उपवासाला ही गोळी चालते का, असे वर्षातून चार पत्रांत तरी विचारले जाते. चालते. उलट त्या दिवशी पोट आपसूकच रिकामे असते.

प्रश्न : मुलगी २७ वर्षांची. केस गळतात म्हणून तपासण्या केल्या. टीएसएच ०.०५ आणि फ्री टी-फोर (रक्तातले मोकळे थायरॉक्सिन) वाढलेले आले. लॅबमधल्या माणसाने ‘थायरॉइड जास्त झाला आहे’ असे सांगितले. तिला ना धडधड, ना घाम, वजनही तेवढेच. (ठाणे)

केसांसाठी ती कोणती गोळी घेते, ते आधी पाहा. ‘केस, त्वचा, नखे’ असे वेष्टनावर छापलेल्या बहुतेक गोळ्यांत बायोटिन असते, तेही ५ किंवा १० मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमची, म्हणजे शेकडो पटींनी जास्त. तेवढ्याने सहसा अपाय होत नाही, पण रक्ताच्या चाचणीचा घोळ होतो. बऱ्याच लॅबमधल्या यंत्रांची टीएसएच मोजण्याची पद्धत बायोटिनच्याच चिकटपणावर आधारलेली असते. रक्तातच बायोटिन भरपूर असले की टीएसएच खोटे कमी आणि टी-फोर, टी-थ्री खोटे जास्त दिसतात. कागदावर हुबेहूब हायपरथायरॉइडचे (थायरॉइड जास्त चालत असल्याचे) चित्र उभे राहते आणि समोर बसलेली मुलगी ठणठणीत असते.

ती गोळी किमान दोन दिवस बंद करून तपासणी पुन्हा करा. डोस मोठा असेल तर आठवडाभर थांबा. आकडे तरीही तसेच आले तर ग्रंथीतज्ज्ञांकडे जा. थायरॉइडला जास्त काम करायला लावणारा ग्रेव्हज्‌सारखा आजार आहे की थायरॉइडला तात्पुरती सूज आहे, ते अँटिबॉडीच्या आणि स्कॅनच्या चाचणीतून कळते आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. खात्री होईपर्यंत थायरॉइडचा जोर उतरवणारी कार्बिमाझोलची गोळी सुरू करायला लावू नका. त्या गोळीने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात. हा धोका खऱ्या आजारात पत्करायचा असतो, केसांच्या गोळीने बिघडलेल्या रिपोर्टासाठी नव्हे.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. रोज सकाळी २० युनिट इन्सुलिन. या वेळी औषधाच्या दुकानातून वेगळी बाटली मिळाली, इंजेक्शनची सिरिंज घरातली जुनीच वापरली. दीड तासात घाम, थरथर, असंबद्ध बोलणे. शुगर ४८. नाश्ता नेहमीसारखाच केला होता. असे का झाले? (अहिल्यानगर)

जुनी सिरिंज हातात घ्या आणि टोपणाचा रंग पाहा. लाल असेल तर उत्तर तिथेच आहे.

आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते. पूर्वीपासूनच्या १० मिलिलिटरच्या बाटलीत सहसा दर मिलिलिटरला ४० युनिट असतात. पेनच्या ३ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये आणि काही बाटल्यांत दर मिलिलिटरला १०० युनिट असतात. सिरिंजही त्याप्रमाणे दोन : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. त्यांच्यावरच्या रेघा मिलिलिटरच्या नसतात, युनिटच्या असतात, आणि त्या आपापल्या तीव्रतेच्या इन्सुलिनलाच लागू होतात.

आता हिशेब करा. लाल सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. ४० च्या बाटलीतून तेवढे ओढले तर २० युनिट. १०० च्या बाटलीतून तेवढेच ओढले तर ५० युनिट, म्हणजे अडीचपट. वडिलांना तेच गेले असावे. उलट चूकही होते : ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज. तिथे २० च्या रेघेला जेमतेम ८ युनिट जातात, शुगर ३०० च्या वर राहते आणि सगळे जण भाताला दोष देत बसतात.

नवी बाटली घरी आली की लेबलवरचा ‘४०’ किंवा ‘१००’ मोठ्याने वाचा, मग सिरिंज घ्या. उरलेल्या दुसऱ्या जातीच्या सिरिंज घरातून काढून टाका. पेनचे कार्ट्रिज संपत आले म्हणून त्यातले इन्सुलिन सिरिंजने ओढून घ्यायची काटकसर पुष्कळ घरांत चालते. ती करू नका, ही चूक तिथेच सर्वांत जास्त होते.

शुगर ७० च्या खाली आली की काय करायचे, ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवे. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्यायला द्या, पंधरा मिनिटे थांबा, पुन्हा मोजा. ७० च्या वर गेली नसेल तर तेवढेच पुन्हा. वर आली की पोळी किंवा भात खायला द्या. पेढा, चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपा-दुधाने साखर रक्तात उशिरा पोहोचते. वडील मधुमेहाची व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी घेत असतील तर साखरही उपयोगाची नाही, कारण त्या गोळ्या साखर फुटण्याची क्रियाच अडवतात. अशा माणसाला ग्लुकोज पावडरच लागते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनळीत जाते. कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या. आणि अडीचपट डोस गेला असेल त्या दिवशी एकदा शुगर वर आली म्हणून निश्चिंत होऊ नका. सकाळचे इन्सुलिन बहुधा दीर्घ परिणामाचे किंवा मिश्र असते, त्याचा जोर संध्याकाळपर्यंत टिकतो. दवाखान्यात देखरेखीखाली राहिलेले चांगले.

इन्सुलिन सुरू असून शुगर उगाच वरखाली होत असेल तर पोटाची कातडी चाचपून पहा. रोज एकाच जागी टोचले की तिथे चरबीची मऊ गाठ होते. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचतो, आणि इन्सुलिन मात्र त्या गाठीतून मनाला येईल तसे झिरपते. जागा रोज निदान एक बोट सरकवा. दुधासारखे गढूळ इन्सुलिन टोचण्यापूर्वी बाटली तळहातांत दहा-वीस वेळा घोळवा, खळखळा हलवू नका.

बंद बाटली २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही : गोठलेले इन्सुलिन वितळून पुन्हा स्वच्छ दिसते, पण कामाचे राहत नाही. वापरात असलेली बाटली घरच्या सावलीत, साधारण २५-३० अंशांपर्यंत, चार आठवडे टिकते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात घर तेवढे थंड नसते. फ्रिज नसेल तर रुंद मातीच्या भांड्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके ठेवा, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून लहान मडक्यात ठेवा आणि वर ओले फडके घाला. वाळू सुकली की पाणी शिंपडा. कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती चांगली चालते. कोकणच्या दमट हवेत फारशी नाही, कारण पाण्याची वाफच होत नाही.

प्रश्न : आई ६३ वर्षांची. गुडघेदुखीसाठी आठ महिने एकाकडून ‘जडीबुटीच्या’ पुड्या घेत होती. दुसऱ्या दिवसापासून आराम. मग चेहरा गोल झाला, अंगावर निळे डाग पडू लागले. पुड्यांत स्टेरॉइड असते असे ऐकून दहा दिवसांपूर्वी एकदम बंद केल्या. आता उठवत नाही, उलट्या होतात, बीपी ९० च्या खाली. दुखणे परत आले म्हणून असे होत असेल का? (लातूर)

ज्यांच्या घरी आज असे घडत असेल त्यांनी उत्तर वाचत बसू नये, आईला आधी रुग्णालयात न्यावे आणि दारातच ‘आठ महिने स्टेरॉइड असावे असे औषध घेतले, दहा दिवसांपूर्वी बंद केले’ हे वाक्य सांगावे. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि सलाईन यांनी असा रुग्ण काही तासांत सावरतो. ते वाक्य सांगितले नाही तर त्याला गॅस्ट्रो समजून नुसते सलाईन लावले जाते.

प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक अधिवृक्क ग्रंथी असते, चार-पाच ग्रॅमची. तीच कॉर्टिसोल बनवते. ते नसले तर रक्तदाब टिकत नाही, रक्तातली साखर घसरते, तापाशी झुंजायला अंगात त्राण राहत नाही. बाहेरून स्टेरॉइड येत राहिले की पियूषिका अधिवृक्काला हुकूम देणे थांबवते आणि महिना-दोन महिन्यांत ग्रंथी सुकते. पुडी एका दिवसात बंद होते, ग्रंथीला जागे व्हायला मात्र कित्येक महिने लागतात. तुमच्या आईची अवस्था या मधल्या पोकळीतली आहे.

त्यामुळे पुढचा उपचार स्टेरॉइडचाच, पण मोजून-मापून. शरीराची रोजची गरज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनएवढी. तिथपर्यंत डोस दर दोन-चार आठवड्यांनी उतरवायचा, त्याखाली मात्र महिन्याला १ मिलिग्रॅमच्या चालीने. शेवटी सकाळी आठला रक्तातले कॉर्टिसोल मोजून ग्रंथी जागी झाली की नाही ते ठरवायचे. गोळी सकाळी, काही खाऊन. या काळात ताप आला तर डोस दुप्पट, उलटीमुळे गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन, आणि दात काढण्यापासून मोतीबिंदूपर्यंत कोणत्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगणे. पर्समध्ये ‘स्टेरॉइड चालू आहे, अचानक थांबवू नये’ अशी चिठ्ठी ठेवा.

दुसऱ्या दिवशी सांधे मोकळे करणारी, वेष्टनावर ना नाव ना घटक अशी पुडी दिसली की स्टेरॉइडचाच संशय घ्यावा. अशी पुडी बंद करायलाच हवी, पण डॉक्टरांच्या हाताखाली. उरलेली पुडी फेकून न देता त्यांना दाखवा.

प्रश्न : ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ६०,००० च्या पुड्या आठवड्याला एक अशा होत्या. गैरसमजाने मी तीन आठवडे रोज घेतल्या. आता मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान. (नाशिक)

ताबडतोब थांबवा. कॅल्शियमच्या गोळ्याही थांबवा आणि रक्तातले कॅल्शियम व क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) आजच तपासा. आठ आठवड्यांत ४ लाख ८० हजार युनिट जायची होती, तुम्ही तीन आठवड्यांत १२ लाख ६० हजार घेतलीत. तुमची लक्षणे कॅल्शियम वाढल्याची आहेत. तोवर पाणी भरपूर प्या. कॅल्शियम फारच वाढले असेल तर दाखल व्हावे लागते.

थायरॉइडच्या पाठीमागे मसुरीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. एरवी कॅल्शियमवर त्यांचा पहारा असतो. पण ‘ड’ चा असा लोंढा आला की त्या आपले काम पूर्ण बंद करूनही कॅल्शियम खाली येत नाही. शिवाय ‘ड’ चरबीत साठते, म्हणून एक चांगला रिपोर्ट आला तरी काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते.

चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ लिहिलेले असले तरी वार लिहून घ्या. ‘दर रविवारी’ म्हटले की रोज घेतले जात नाही.

प्रश्न : सैंधव आरोग्याला चांगले म्हणून वर्षभर तेच वापरतो. थायरॉइड असल्याने कोबी-फ्लॉवरही सोडले. बरोबर? (पुणे)

दोन्ही उलटे करा. शिजवलेल्या कोबी-फ्लॉवरने काही बिघडत नाही, त्यातली थायरॉइडला अडवणारी द्रव्ये शिजताना बरीच नष्ट होतात. सैंधवात मात्र, पाकिटावर तसे लिहिलेले नसेल तर, थायरॉइडला लागणारे आयोडीन मिळत नाही. प्रौढाची गरज रोज १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणी २५०. आयोडीनयुक्त मीठ घरी पोहोचते तेव्हा त्यात दर ग्रॅममागे निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे, असा आपला नियम आहे. मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने दाखवले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. उपवासापुरते सैंधव खुशाल वापरा. रोजचे मीठ आयोडीनयुक्त, झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब. तुमची गोळी आयोडीनची जागा घेते, पण घरातल्या मुलांना आणि सुनेला ती मिळत नाही.

प्रश्न : प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारे पियूषिकेचे संप्रेरक) ६८ आले, पाळी लांबली. पियूषिकेत गाठ असेल का? एमआरआय करू का? (नागपूर)

आधी औषधांची यादी काढा. आम्लपित्ताच्या ज्या कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन असते तिने प्रोलॅक्टिन वाढते, आणि अशा कॅप्सूल आपल्याकडे फुटाण्यासारख्या खाल्ल्या जातात. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही वाढते (त्या मात्र स्वतःहून थांबवू नका). गर्भचाचणी आणि टीएसएच करा. कॅप्सूल तीन-चार दिवस बंद ठेवून, सकाळी उठल्यावर दोनेक तासांनी, अर्धा तास शांत बसून रक्त पुन्हा द्या. तरीही वाढलेलेच राहिले तर एमआरआयचा विचार करावा. डोकेदुखी किंवा बाजूचे कमी दिसणे असेल तर मात्र एवढे थांबू नका.

प्रश्न : नातू १२ दिवसांचा. टाचेच्या रक्ताच्या चाचणीत टीएसएच फार वाढलेले निघाले. रोज थायरॉइडची ७५ ची अर्धी गोळी द्यायला सांगितली आहे. मी स्वतः ५० ची घेते. एवढ्याशा जिवाला ३७.५? (म्हापसा)

डोस बरोबर आहे. मोठ्या माणसाला किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात, नवजात बाळाला १० ते १५. तीन किलोच्या बाळाला ३० ते ४५ होतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ थायरॉक्सिनवर चालते आणि उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर मूल इतरांसारखेच वाढते. आज बाळ छान दिसते आहे म्हणून थांबण्यात अर्थ नाही. लक्षणे दिसू लागेपर्यंत नुकसान झालेले असते, चाचणी करतात ती त्यासाठीच.

अर्धी गोळी चमच्यात चुरा, आईच्या दुधाचे किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचे काही थेंब घाला, गालाच्या आतल्या बाजूला सोडा आणि लगेच पाजायला घ्या. रोज ताजे कालवा, कालवून ठेवू नका. लोहाचे आणि कॅल्शियमचे थेंब चार तासांच्या अंतराने. पहिली तपासणी साधारण दोन आठवड्यांनी, मग दर महिना-दोन महिन्यांनी. गोळी जन्मभर लागेल की नाही ते तिसऱ्या वर्षानंतर ठरते. औषध दुधाच्या बाटलीत मात्र मिसळू नका. बाळाने अर्धी बाटली टाकली की औषध किती पोटात गेले, ते कोणालाच सांगता येत नाही.